मुठीत राहिलेली चिठ्ठी

वेलेस, १८ सप्टेंबर २०१९

प्रिय एदिल्मा,

बावीस वर्षांनी ही कुठून उगवली, असं म्हणशील. पत्ता तुझ्या मावशीने दिला, तोही माझी चांगली उलटतपासणी घेऊन. तू आणि घरचे सगळे बरे असाल. इथे यंदा पेरू भरपूर आलाय, गावभर वड्या शिजल्याचा वास आहे. मी आपल्याच शाळेत पाचवीला शिकवते. ओतिलियाबाईंची खुर्ची अजून तशीच करकरते.

सप्टेंबर म्हणजे पुन्हा गुप्त मैत्रिणीचा आठवडा. तोच खेळ: पिशवीतून चिठ्ठी काढायची, जिचं नाव येईल तिच्या बाकावर रोज गुपचूप गोड ठेवायचं, शुक्रवारी उघड करायचं. परवा माझ्या वर्गातली यिसेल ओरडली, "बाई, माझंच नाव निघालं! दुसरी काढते." काढलीही. पण पहिली चिठ्ठी पिशवीत परत गेली नाही, हे मला लगेच कळलं. ही लबाडी मला पाठ आहे.

एदिल्मा, तुझं नाव मला निघालं होतं.

तुझ्या गणवेशाला चुलीच्या धुराचा वास यायचा. तुझी मैत्रीण म्हणून सगळ्यांसमोर उभं राहायची मला लाज वाटली. बस, एवढंच. मी चिठ्ठी मुठीत दाबली आणि दुसरी काढली. शेवटी तुझा नंबर आला तर पिशवी रिकामी. ओतिलियाबाईंना वाटलं, आपलंच मोजताना चुकलं. "असू दे गं, तू मला दे गोड," म्हणाल्या.

तू रोज त्यांच्या टेबलावर पेरूची वडी ठेवायचीस. तुझ्या बाकावर सोमवारी काही नाही, मंगळवारीही नाही. बुधवारी एक वडी दिसली. "अगंबाई, हिलापण कोणी मिळालं वाटतं!" म्हणून पोरी हसल्या. मी हसले नाही. ती तू स्वतःच ठेवताना मी दारातून पाहिलं होतं.

शुक्रवारी बाईंनी विचारलं, "एदिल्माची मैत्रीण कोण?" कोणीच उठेना. तेव्हा तूच म्हणालीस, "मार्लेनी. तिने दोघींना दिलं." बाईंनी मला जवळ घेतलं, वर्गाने टाळ्या वाजवल्या. आणि मी त्या घेतल्या गं! पुढच्या महिन्यात तुम्ही गाव सोडलंत, तरी माझं तोंड उघडलं नाही. माझंच नाव का घेतलंस? मला दारात पाहिलं होतंस का?

यिसेलला मी रागावले नाही. वर्गाला हे सगळं सांगितलं. यिसेलने मूठ उघडून चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"हीच ठेवते मी. पण बाई, तुम्ही त्यांना कधी सांगितलंत का?"

शाळा सुटताच मी तुझ्या मावशीला गाठलं. म्हणून हे पत्र.

सोबत पानात बांधलेल्या पाच वड्या आहेत, सोमवार ते शुक्रवार. उशीर झालाय, ठाऊक आहे. उत्तर नाही दिलंस तरी चालेल, पण बुधवारची वडी तेवढी खा.

तुझं नाव निघालेली,
मार्लेनी