खळीच्या रांगेतला डबा

बऱ्हाणपूर, फेब्रुवारी १९४९

प्रिय अनंता,

तुझ्या नावावर पाजलेला तीन कप चहा मला केवढ्याला पडला, त्याचा हिशेब आज लावून बसलो. दूध घरच्या शेळीचं, ते सोड. साखर रेशनची, म्हणजे आमच्या भागाबाईचे टोमणे धरून दुप्पट. एक सकाळ गिरणी बंद. काही बायका दळण उचलून इतवाऱ्याच्या गिरणीकडे गेल्या, त्या गेल्याच. आणि एक डबा. तो अजून माझ्या फळीवर आहे, मालकीण न्यायला येत नाही. बाकीचं भरून निघेल. त्या डब्याचं काय करावं ते समजेना, म्हणून लिहितोय.

चहा कुणाला पाजला म्हणशील, तर तुझ्याच माणसांना. तिघं आले. पायात नव्या वहाणा, काखेत पत्रकांचा गठ्ठा आणि तोंडात तुझं नाव. 'अनंतराव म्हणाले, कौतिकशेठची गिरणी गाठा, एक सकाळ तिथे उभं राहिलं की गावातल्या सगळ्या चुलींपर्यंत पोचता येतं.' शेठ म्हणाले तेव्हाच मी सावध व्हायला पाहिजे होतं. दापोऱ्याहून आलो तेव्हा मी दुसऱ्याच्या गिरणीत पोती उचलायचो, हे गावाला पाठ आहे. मला शेठ म्हणतो तो एकतर उधारी मागतो, नाहीतर देव खपवतो. पण तुझं नाव होतं ना भो. बाकडं झटकून दिलं, चहा सांगितला.

तसे असले पाहुणे गिरणीला नवे नाहीत. गिऱ्हाईक दळण सोडून पळत नाही, मग यांना आयता बाजार मिळतो. गोरक्षणाचा पेटीवाला येतो. लाल झेंड्याचा एक जण मला पिळवणूक करणारा मालक म्हणून गेला आणि जाताना स्वतःच्या गव्हाला दळणावळ कमी करून घेतली. एका मौलवींना बायका उघड्या तोंडाने रांगेत का, याची काळजी. सगळ्यांवर माझा एकच इलाज. 'बोला बोला, ऐकतोय, जरा एवढं चालू करून येतो,' म्हणायचं, मागे जायचं आणि इंजिनाला हँडल मारायचं. एकदा पट्टा चढला की ब्रह्मदेवाचं भाषणसुद्धा टिकत नाही. आजवर कुणाचा अपमान केला नाही आणि कुणाचं काही ऐकूनही घेतलं नाही.

माझे कान तुला माहीतच आहेत. गुरुजींची छडी टेबलावरून उचलली गेली की शेवटच्या बाकावर माझा हात आपोआप मागे जायचा. आता ते कान दगडाला लावलेत. ज्वारी सरसरते, गहू घुमतो, चिंचोका कडाडतो. पुढची चक्की खाण्याच्या दळणाची, मागची जुनी हरीरपुऱ्याच्या विणकरांसाठी. त्यांच्या सुताला खळ लागते ती चिंचोक्याची. म्हणून माझ्याकडे रांगा दोन, धान्याची आणि खळीची. डब्यात काय आहे त्यावरून रांग ठरते, डबा कुणाचा त्यावरून नाही. दुसरा नियम, झाकण मालकिणीनेच उघडायचं. हे रेशनचे दिवस, धान्य पुरेना म्हणून कुणी चिंचोकेही दळून खातं. कुणाच्या डब्यात काय मिसळलंय ते गिरणीवाल्याने बघायचं नसतं, आणि कानांना कळलं तरी तोंडाला कळू द्यायचं नसतं.

एक बाई आहेत. नाव सांगत नाही, नियम आहे म्हटलं ना. चांगल्या घरच्या, लुगडं जुनं पण घडीचं. त्यांच्या डब्याला निळी दोरी. दिवाळीनंतर एकदा त्यांचं दळण पुढच्या चक्कीत टाकलं आणि चक्की कडाडली. बाई पट्ट्याकडे बघत उभ्या, पापणी हलेना. मी ओरडलो, 'खडा आला वाटतं तळीत!' आणि चक्की थांबवली. त्या दिवसापासून त्यांचा डबा धान्याच्या रांगेतच राहतो, पण रांग सरली की मी तो गुपचूप मागच्या चक्कीवर नेतो, आधी मूठभर ज्वारी फिरवून ती साफ करतो आणि मग दळतो. आमच्यात या गोष्टीवर शब्द झालेला नाही. त्या एवढंच म्हणतात, 'कौतिक, सावकाश होऊ दे रे, मला घाई नाही.'

त्या सकाळीही त्या होत्या. तुझ्या माणसांनी चहा संपवून भाषण सुरू केलं. तुझी स्तुती आधी. 'आमच्या अनंतरावांकडे बघा! निम्मा पगार मंडळाला देतात, आणि तरी घरी कशाला म्हणजे कशाला कमी नाही. गोकुळ आहे गोकुळ!' मग मुद्द्यावर आले. म्हणे हैदराबाद आलं, संस्थानं आली, देश एक झाला, आता आपली माणसं ओळखून वेगळी काढली पाहिजेत. सुरुवात गिरणीपासून. हिंदूंचे डबे इकडे, त्यांचे तिकडे. जोडलेल्या देशात माझे डबे कशाला तोडता, असं तोंडावर आलं होतं. पण मी हुशार माणूस. 'ऐकतोय, ऐकतोय,' म्हणत मागे गेलो.

थंडीत इंजिन लवकर लागेना. लागलं, पट्टा चढवला, हात पुसत पुढे आलो, तर त्या आवाजात माझे एवढे तिखट कान काही कामाचे नाहीत, नुसती तोंडं हलताना दिसतात. त्यांच्यातला एक झाकणं उघडत चालला होता, अनंता. बायकांच्या डब्यांची. मनगटापर्यंत हात घालायचा, बाहेर काढून हुंगायचा आणि पुढच्या डब्यावरच्या फडक्याला पुसायचा. मी गटार उपसलेला माणूस आहे, मला सहजासहजी किळस येत नाही. त्या हाताची आली, अजून जेवताना येते. निळ्या दोरीच्या डब्यात त्याने हात खुपसला, वरच्या ज्वारीखालून मूठ काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. चिंचोके.

मी पळत जाऊन इंजिन बंद केलं. शांत झाल्यावर पहिलं ऐकलं ते हे : 'बघा! खळीचा डबा! त्यांचा डबा आपल्या रांगेत, आपलं दळण बाटवायला!' आणि त्या नव्या वहाणेने त्याने डबा पलीकडच्या रांगेकडे ढकलला. आडवा झाला. चिंचोके भुईवर. 'कुणाचा आहे हा?' निळ्या दोरीच्या आमच्या बाई भिंतीकडे बघत होत्या.

तेवढ्यात खळीच्या रांगेतून जैनबबी पुढे आली. ओळखतोस तू, वेशीपाशी राहते, तिच्या मालकाचे दोन माग आहेत. म्हणाली, 'मेरा है भैया. गलती से रखा गया.' मग तिघांनी तिला धारेवर धरलं. मुद्दाम करता, तुमची जातच अशी, इथे राहायचं तर नीट राहा. त्यांच्या आईच्या वयाची बाई खाली मान घालून सगळं ऐकून घेत होती. ते वळल्यावर उकिडवी बसली आणि एकेक चिंचोका ओढणीला पुसून डब्यात टाकत गेली. तिचा स्वतःचा डबा तिच्या शेजारीच होता, शिगोशीग भरलेला. त्या तीन हुशारांपैकी एकालाही तो दिसला नाही. तोवर आमच्या बाई पायरी उतरून निघून गेल्या होत्या.

मी म्हटलं, चहा झाला, आता वाटेला लागा. म्हणाले, अनंतरावांना कळवू. म्हटलं, तुम्ही कशाला तसदी घेता, मीच कळवतो. पत्रकं टाकून गेलेत. इंजिनाखाली तेल गळतं तिथे पसरलीत, चांगलं शोषतात.

संध्याकाळी भागाबाईला डबा देऊन त्या घरी पाठवलं. दाराआडून उत्तर आलं, 'आमचा नाही हो, चुकला असेल.' त्यानंतर त्या माझ्याकडे फिरकल्या नाहीत. इतवाऱ्याच्या गिरणीत चौकशी केली, तिथेही नाहीत. आपला डबा आपला नाही म्हटल्यावर कुठल्या तोंडाने येतील? घरात काय शिजतं, शिजतं की नाही, देव जाणे. जैनबबी येते तेव्हा पहिला प्रश्न, 'भाऊ, वो आयीं क्या?' मी मान हलवतो.

आता नियम मोडतो. आयुष्यात पहिल्यांदा एका डब्याचं नाव सांगतोय. त्या माई आहेत, अनंता. तुझी आई. माझी गिरणी नवी होती, इंजिनाची चक्की पीठ जाळते म्हणून कुणी फिरकत नव्हतं, तेव्हा पहिला डबा माईंनी आणला होता, भर बाजारातून, स्वतःच्या कडेवर. तुझा पगार तुझा, तो कुणाला द्यावा हे मी सांगणार नाही. पण तू ये. एकटा ये, पत्रकांशिवाय. नवा डबा घे, काठोकाठ ज्वारी भर, माईंना बरोबर घे आणि सकाळच्या गर्दीत डबा स्वतः उचलून माझ्या रांगेत उभा राहा. मी लिहिलं हे माईंना कळता कामा नये. जैनबबी भेटेल, तिच्याशी काही बोलू नकोस, नुसता खाली वाकून तिचा डबा उचलून दे. निळ्या दोरीचा मात्र मागू नकोस. तिने चारचौघांत आपला म्हटलाय, तो आता तिचाच. झाकण मी अजून लावलेलं नाही. तुझं गोकुळ मला रोज फळीवर दिसतं. त्या डब्यात ज्वारी दोनच मुठी होती.

तुझाच,
कौतिक