कपाटातलं गाणं

रविवार, संध्याकाळ. एदोगावा

मुक्ताचं गाणं आज एकदाचं नेटवर आलं. कंट्री पॉप म्हणे! शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आमच्या सूनबाईंनी रजयांच्या कपाटात बसून ते रेकॉर्ड केलं. इंग्रजी उच्चार असे, की आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी पट्टीच हाणली असती. त्यात शेवटच्या कडव्यात, इथे रोज संध्याकाळी पाचला पालिकेच्या भोंग्यावर वाजते ती धून घुसली.

"काप ती," मी म्हटलं.

"राहू द्या ना आई, तेच तर आपलं गाव." गाव म्हणे!

दिवसभर कुणी धड ऐकलं नाही. मुलाच्या ऑफिसातून नुसते अंगठे. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मेल्यांना कान नाहीत का?

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या जपानी शेजारीणबाई, मोरीसान, दारात. त्यांनाही मुक्ताने गाणं पाठवलं होतं. एरवी त्या आवाजाची तक्रार करायलाच येतात, म्हणून मी पदर खोचून पुढे झाले. पण त्या हळू बोलत होत्या आणि मुक्ताचे डोळे भरले होते. मुक्ताने मागाहून सांगितलं, भूकंपाचा इशाराही त्याच भोंग्यावरून येतो; मागच्या मोठ्या भूकंपापासून तो वाजला की मोरीसानच्या छातीत धस्स होतं. गाण्यात ऐकला तेव्हा नाही झालं. पुढचं गाणं कपाटात नको, बाहेर बसून गा, असं सांगून गेल्या.

बरं झालं, धून कापली नाही. उच्चारांसाठी मात्र उद्या सकाळी तिला समोर बसवणार आहे.