दोन सिस्टिम, सारखी वाटणी

४ जून

चि. टिल्लूस,
ताईचे अनेक आशीर्वाद. बाबांच्या गळ्याची जखम भरत आली. आवाज मात्र गेला तो गेलाच, डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं. म्हणून तर ऑपरेशनआधी बाबांनी रोज खुर्चीत बसून कॉम्प्युटरवर वाक्यं वाचून आवाज रेकॉर्ड करून ठेवला. आता उपचारवाल्या बाईंनी एक प्रोग्रॅम दिलाय. बाबा टाइप करतील आणि तो त्यांच्याच आवाजात बोलेल. पण तो नव्या सिस्टिमवरच चालतो आणि बाबांचे नकाशे जुन्यावर. दोन्ही एकाच कॉम्प्युटरवर कशा ठेवायच्या ते लिहून कळव. फोनवर सांगशील तर माझ्या डोक्यावरून जाईल. एवढा पगार घेतोस, घरच्यांना थोडं फुकट शिकव.
तब्येतीला जप.
तुझी ताई

११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. सगळ्यात आधी बाबांचं रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर उतरवून घे. ते झाल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. मग नवी सिस्टिम टाकताना डिस्कचं पान येईल. तिथे 'जुन्याच्या शेजारी टाका' हेच निवड. जुन्याला भरपूर जागा राहू दे, नव्याला थोडी पुरते. नंतर कॉम्प्युटर सुरू करताच कोणती उघडू असं तो विचारेल. बाबांनी माझ्या नावानं ओरडावं अशी फार इच्छा आहे. बाबांना नमस्कार सांग.
तुझा टिल्लू

२० जून

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद. कसं लिहू कळत नाही. मी पेन ड्राइव्ह आणायला गेले होते. तेवढ्यात बाबा तुझं पत्र घेऊन बसले. मला त्रास नको म्हणून. रेकॉर्डिंग उतरवून झालंय असंच त्यांना वाटलं. 'याला भरपूर, त्याला थोडी' हे त्यांना पटलं नाही. त्यांचा जन्म जमिनी मोजण्यात गेला. वाटणीत आधी जुनी हद्द पुसायची, सगळी जमीन एक धरायची, मग सारखे हिस्से पाडायचे, ही त्यांची रीत. डिस्कवरही त्यांनी तेच केलं. मग कपाटातली सीडी काढून जुनी सिस्टिम एका हिश्शात नव्यानं टाकली, दुसऱ्यात नवी. मी आले तर स्वारी खुशीत. दोन्ही सिस्टिम व्यवस्थित उघडतात. आत काही नाही.
दुरुस्तीवाल्यानं खूप खटपट केली, पण आवाज काही सापडला नाही. मला बाबांचा संताप आला, पण त्यांना रागावताही येईना. उलट उत्तर तरी कसं देणार ते.
वेळ काढून ये.
तुझी ताई

२ जुलै

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद. ताईला बोल लावू नकोस, चूक सर्वस्वी माझी. बाईंनी प्रोग्रॅममध्ये एक तयार आवाज घालून दिला आहे. चांगला आहे, उच्चार माझ्यापेक्षा स्वच्छ. परवा त्यातून ताईला हाक मारली. ती स्वयंपाकघरातून आलीच नाही. शेजारी रेडिओ लागला असेल असं तिला वाटलं.
तो आवाज तुला ऐकवणार नाही. तू मात्र फोन करणं थांबवलंस, ते बरं नाही. रविवारी कर. ताई माझ्या कानाला लावेल. तू बोलत राहा, मी फोन ठेवलाय असं समजू नकोस.
माया आहे तशीच आहे.
तुझे बाबा