घर खाली लागते

देवळी, १२ जानेवारी २०२५

ती. खुशालदादास,
कुसुमचा सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. तुला फोनवर कमी ऐकू येतं, म्हणून मला ओरडावं लागतं, आणि मी ओरडले की वरच्या मजल्यावर घरमालकांना सगळं ऐकू जातं. विषय त्यांचाच आहे.

परवा नानाजी जिना उतरून आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले की आमाले आता घर खाली लागते. एवढं बोलून स्कूटरला किक मारून निघूनही गेले. काऊन लागते, कधी लागते, काही नाही. अठरा वर्षं झाली आम्हाला इथे! त्यांच्या धीरजचं लग्न ठरतंय म्हणतात, त्यालाच द्यायचं असणार. माझी शिलाई मशीन रस्त्याकडच्या खोलीत, बाया दारातूनच ब्लाऊज टाकून जातात. दुसऱ्या गल्लीत मला कोण विचारणार? ह्यांना सांगितलं तर म्हणतात, पाहू. ह्यांचं पाहून होईपर्यंत सामान रस्त्यावर येईल. मी वर कढी पाठवणं बंद केलं आहे. पण खरं सांगते, फार भीती वाटते रे.

लोभ आहेच, तो घेऊन वकिलाकडे जा.
तुझी, कुसुम

अल्लीपूर, १९ जानेवारी २०२५

चि. सौ. कुसुमबाईस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझी वहिनी रडली आणि मी हसलो, त्यामुळे मला जेवण उशिरा मिळालं. हिंगणघाटला वकिलांना भेटून आलो. ते म्हणाले, स्वतःला किंवा मुलाला राहायला घर मागता येतं, पण गरज खरी हवी आणि ती कोर्टात दाखवावी लागते. घर सोडून भाडेकरूचे हाल जास्त की न मिळून मालकाचे, हेही कोर्ट तोलून पाहतं. कोर्टाच्या हुकुमाशिवाय तुझ्या मशीनची सुईसुद्धा कोणी बाहेर काढू शकत नाही. तेव्हा कशावरही सही करू नको, आणि नानाजींना सरळ विचार की घर कशासाठी हवं. विचारताना तोंड जरा आवर. कढीही सुरू कर, ती बंद करायचं कलम वकिलांना कुठे सापडलं नाही.

आमच्या लोणच्याची बरणी परत आली तर लोभ वाढेल.
तुझा, खुशालदादा

देवळी, २ फेब्रुवारी २०२५

ती. खुशालदादास,
कुसुमचा सा. न. वि. वि.

वकिलांना माझा नमस्कार सांग आणि फाईल बंद करायला सांग.

मी पदर खोचून वर गेले. जिना चढता चढता सगळा कायदा घोकला आणि नानाजींना म्हटलं, गरज खरी असेल तर कोर्टात दाखवा. ते म्हणाले की बाई, तुले घर सोडायले कोण म्हणते? खाली म्हणजे रिकामं नाई, खाली म्हणजे खालचं! तुमी वर या, आमी खाली येतो.

मी आत पाहिलं. नानाजींच्या पत्नी प्रमिलाबाई खिडकीशी बसल्या होत्या. गुडघ्यांमुळे दिवाळीपासून त्या जिना उतरल्याच नव्हत्या. मी समजत होते, बाईंना कशाचा तरी राग आला आहे. लाज वाटली, दादा. नाही म्हणायचा हक्क माझा होता, आणि मशीन वर नेली तर बाया जिना चढतील का ही धास्तीही होती. तरी हो म्हणून आले. करार मात्र नवा करून घेतला, आहे त्याच भाड्यात. अगदीच भोळी समजू नको.

काल अदलाबदल झाली. प्रमिलाबाईंनी दारातच खुर्ची टाकली. बाया आल्या की त्याच ब्लाऊज ठेवून घेतात आणि मापं खालून ओरडून मला सांगतात. कोणाची कंबर किती, हे आता अख्ख्या गल्लीला पाठ आहे. आणि मशीन दिवसभर थांबली नाही.

संध्याकाळी नानाजी हात धरून त्यांना कोपऱ्यावरच्या भाजीवालीपर्यंत घेऊन गेले. मी वरून पाहत होते. वांगी किडकी निघाली म्हणून प्रमिलाबाई तिच्याशी भांडल्या, मनसोक्त भांडल्या. इतक्या महिन्यांत त्यांचा आवाज रस्त्यावर आला नव्हता. मला रडूच आलं.

आता आलास की जिना चढावा लागेल, तेवढा लोभ असू दे.
तुझी, कुसुम