कापलेलं गवत

मंगळवार, संध्याकाळ, उधना

जवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यामागच्या पडीक जागेत दोन जातींचे नाकतोडे एकत्र कसे राहतात, कोण कुठलं गवत खातो, हे मी पावसाळाभर बघतेय. ओळखू यावेत म्हणून त्यांच्या पाठीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावते. आज गेले तर गवतच नाही! वॉचमनकाकांनी सगळं कापून गाईला घातलं होतं.

"ताई, तुम्ही रोज वाकी वाकी शोधतस. आते दखा, समदा दिसतीन!"

माझं वाकणं वाचवलं म्हणून घामाने निथळत, हसत उभे होते. "बरं केलंत, काका." का म्हटलं मी असं?

उघड्या मातीवर लाल ठिपक्याचा एक नाकतोडा बसला होता. आज पहिल्यांदाच शोधावा लागला नाही. खायला काही उरलं नव्हतं, तरी तो हलत नव्हता.