दुसऱ्या गिअरमधला दादा

मी, नुसत्या आवाजावरून गाडीचा बिघाड ओळखतो म्हणून गल्लीत ‘कानवाले मिस्त्री’ म्हणून ओळखला जाणारा, गॅरेजचा मालक, उद्या छातीच्या ऑपरेशनला जाण्याआधी हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. छाती खडखडते आहे, डोके मात्र एका ठेक्यात चालू आहे. कोणी दबाव आणून लिहून घेतलेले नाही. घरातल्यांनी सूचना पुष्कळ केल्या, त्या ऐकल्या आणि सोडून दिल्या. याआधी असे काही लिहिलेले नाही, म्हणून हेच पहिले आणि शेवटचे समजावे.

१. घर आणि बँकेतली शिल्लक चिमीच्या आईची, म्हणजे माझ्या बायकोची. त्याबाबत थोरल्या दिराचा सल्ला तिने घेऊ नये. लग्न झाल्यापासून पडद्याचा रंगसुद्धा, “भाऊजी, तुम्हाला काय वाटतं?” असे विचारूनच ठरत आला आहे. तो “उत्तम!” म्हणाला की झाले. मी काही म्हटले तर म्हणते, “तुम्हाला गाड्यांपलीकडे काय कळतं?”

२. गॅरेज आणि सगळी हत्यारे चिमीची, म्हणजे माझ्या मुलीची. धंदा नको असेल तर भाड्याने द्यावे, पण पाटी उतरवू नये. काळी चिकटपट्टी गुंडाळलेला बारीक स्क्रू-ड्रायव्हर कोणालाही उसना देऊ नये. त्याच्या पाव वेढ्यावर या गल्लीतल्या निम्म्या गाड्या कमी पेट्रोलमध्ये लांब जातात.

३. वडिलांचा फोटो दादाने न्यावा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. नोकरीभर तो समुद्रातल्या तेलविहिरींवर ड्रिलिंगला होता. वडील पाहुण्यांना आमची ओळख करून द्यायचे, “हा थोरला, तेल काढतो. हा धाकटा, तेल पुसतो.” पाहुणे हसायचे. मीही हसायचो. फोटोतही वडिलांची मान दादाच्याच बाजूला वळलेली आहे, म्हणून तो तिकडेच जाऊ दे.

४. आमचा वाद वारशात कोणालाही मिळणार नाही. दादा सुट्टीवर आला की जेवताना सुरू करायचा, “पेट्रोल महाग झालं? समुद्रात आणखी विहिरी खणा. खाली भरपूर पडलंय अजून.”

मी म्हणायचो, “खणलेल्या विहिरीचं तेल पंपावर यायला वर्षं जातात. गाड्या कमी पिणाऱ्या करा, टायरमध्ये हवा नीट ठेवा, आजपासून वाचतं. गळकी बादली तशीच ठेवून नळ कसले वाढवता?”

“तुझी काटकसरी गाडी रिकाम्या टाकीवर चालवून दाखव की!”

असे तो म्हणाला, की चिमीने काकाला टाळी दिलीच. मग त्याच्या समुद्रावरच्या गोष्टी: वादळ, मग हेलिकॉप्टर, मग लाटेबरोबर टेबलावरून पळालेले ताट. माझ्याकडे सांगायला काय, तर कार्बोरेटर. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. हे कागदावर लिहितो, तोंडावर म्हटले नसते.

५. माझी छोटी निळी गाडी. घरात सगळ्यांचे लक्ष हिच्यावरच आहे. निवृत्त होऊन दादा आमच्या मागच्या खोलीत राहायला आला, तेव्हापासून तीच चालवतो. मायलेकी दोघी म्हणतात, “त्यांनाच देऊन टाका ना.” मी ठरवले होते, भंगारात घालावी पण त्याला देऊ नये. बाजारभर तो तिला दुसऱ्या गिअरमध्ये कोकलत न्यायचा. चौकातून वळली की मला गॅरेजमध्ये ऐकू यायचे. मी जीव ओतून लावलेल्या इंजिनात असे पेट्रोल जाळतो, म्हणजे मुद्दाम मला खिजवतो, असे मी धरून चाललो होतो.

गेल्या महिन्यात दारात गाडी चालू होती. माझे इंजिन इतके शांत, की हाताला थरथरही लागत नाही. दादाने पुन्हा किल्ली फिरवली. स्टार्टर असा किंचाळला की रस्त्यावरची माणसे वळून बघू लागली. दादाने आणखी एकदा फिरवली आणि मला म्हणाला, “सुरूच होत नाहीये रे ही.”

तेव्हा कळले. ड्रिलिंगच्या आवाजाने त्याचे कान गेले आहेत. म्हणून एवढ्या मोठ्याने बोलतो, दुसऱ्याला बोलू देत नाही, सगळे हसले की हसतो आणि काहीही विचारले तरी “उत्तम!” म्हणतो. घरात इतरांना अजून पत्ता नाही. त्यानेही कळू दिलेले नाही.

म्हणून गाडी चिमीच्या नावावर करावी. चालवावी दादाने, पण ती शेजारी बसलेली असेल तेव्हाच. इंजिन ओरडू लागले की तिने त्याच्या दंडावर थाप मारावी, म्हणजे वरचा गिअर. बघणाऱ्याला वाटेल, पुतणी लाडात आली आहे. कानाच्या डॉक्टरकडेही तिनेच न्यावे. माझे त्याने ऐकले नसते, तिचे ऐकेल. हे मला ठाऊक आहे आणि आवडत नाही.

हे कलम मोठ्याने वाचू नये. दादाला ऐकू येणार नाही, पण बाकीच्यांना येईल.

६. गॅरेजमधल्या माझ्या खुर्चीत दादाने बसू नये. बसलाच, तर चिमीने त्याला उठवू नये. समोर स्टूल घेऊन बसावे आणि माझ्या गोष्टी सांगाव्यात. मोठ्याने सांगाव्यात.

साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आहे, मजकूर वाचलेला नाही.

साक्षीदार १: शेजारचा पंक्चरवाला (सही)
साक्षीदार २: समोरच्या दुकानातली चष्मेवाली (सही)

लिहून ठेवणार: मिस्त्री (सही)
ठिकाण: गॅरेज, वर लिहिलेल्या खुर्चीत बसून
दिनांक: ११ जून, बुधवार