मैनाच्या वाट्याची भाकरी

४ फेब्रुवारी, मंगळवार
आमचा वरातीचा घोडा, तुफान, सकाळी वैरणीला उठला नाही. आधी वाटलं, नाटक. रविवारी वरातीत दीड तास नाचवलाय, त्याचा राग धरून बसला असेल. नाव तुफान, चाल म्हशीची, त्यामुळे घाबरले नाही. पण गुळाचा खडा तोंडाशी नेला तर मान फिरवली. गुळाला नको म्हणणारा तुफान मी नऊ वर्षांत पाहिला नव्हता.
ह्यांनी डॉक्टरांना बोलावलं. ताप नाही, पोट फुगलेलं नाही. घाम मात्र मानेवरून ओघळत होता, मागचे पाय लटपटत होते. सलाईन लावलं. दुपारी अडीचला गेला.
आज एवढंच.

५ फेब्रुवारी
कळंब्याच्या पुढं ह्यांच्या मित्राच्या रानात पुरला. जेसीबी, मीठ, चुना. हे परत आले ते थेट तबेल्यात जाऊन मैना घोडीच्या गळ्यात पडले. तीस वर्षांच्या संसारात माझ्या गळ्यात असे कधी पडलेले नाहीत. (लिहून ठेवते, भांडणात उपयोगी पडेल.)
दिवसभर गल्ली येत होती. निम्मे लोक सांत्वनाला येताना उरलेल्या दोघांना, मैनाला आणि बादलला, काहीतरी घेऊनच आले. गाजर, शिळी चपाती, केळ्याची सालं. आमच्याकडं हे असंच. वरातीला निघताना घोडं ओवाळून भरवतात सगळीकडंच, आमच्या गल्लीत ते रोजचं. नोकरी लागू दे म्हणून शनिवारी हरभरे, परीक्षेला गूळ, सून नांदू दे म्हणून कणकेचा गोळा. मी कधी कुणाला अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला मिरवायला आवडायचं. मोमीनांच्या घोड्यांना अख्खी पेठ भरवते म्हणून.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
बादल गेला. तेच सगळं. घाम, पाय, मान फिरवणं. चार तासांत संपलं. पांढरा स्वच्छ, डोळे उघडेच होते.
डॉक्टर म्हणाले, चार दिवसांत दोन, हे साधं नाही. रक्त घेतलं, पोटातलं काढून घेतलं, पुण्याला पाठवणार. संसर्गाचा रोग निघाला तर मैनालाही ठेवता येणार नाही, तसा नियमच आहे म्हणे.
मग त्यांनी विचारलं, काय काय खायला घातलं, कुणी घातलं? उसाचे वाढे, भुसा, हरभरा आमचा. पुढं गल्ली. मी सांगत राहिले, ते लिहीत राहिले, शेवटी पेन खाली ठेवलं. "वैनी, ह्यातनं मी काय शोधू?"

८ फेब्रुवारी, शनिवार
तबेल्याच्या गजाच्या दाराला आयुष्यात पहिल्यांदा कुलूप. हरभरेवाले सात जण परत पाठवले. एकीनं विचारलं, आमच्या हरभऱ्यानं दोघं मेली म्हणता काय? मी नाही म्हटलं. पण कुलूप तेच म्हणत होतं, तिला कळलं आणि मलाही.
सगळ्यात वाईट आक्काताईंचं. समोरच्या. पंचाहत्तरीच्या, एकट्या. नवरा गेल्यापासून सकाळची पहिली भाकरी मैनाला, मगच स्वतःचा चहा. अकरा वर्षं झाली, एक दिवस चुकवलेला नाही. मैना त्यांच्या चपलेचा आवाज ओळखते. आज कुलपाशी उभ्या राहिल्या. मी आतून सांगितलं, डॉक्टर नको म्हणतात. भाकरी पदराखाली घेऊन परत गेल्या. मैना किती वेळ दाराला लाथा घालत होती. मला आधी माझा राग आला, मग डॉक्टरांचा, मग कारण नसताना ह्यांचा.

११ फेब्रुवारी
मैना बरी. बेतानं खाते. मी तासातासाला तिच्या मानेला हात लावून घाम बघते. तिला वाटतं लाड चाललेत.
कुणी म्हणतं दृष्ट, कुणी म्हणतं वाढ्यांवर औषध मारलेलं होतं, कुणी हौदाच्या पाण्यावर बोट ठेवतं. लग्नवाल्यांचे फोन. एकानं विचारलं, उरलेली घोडी नाचते ना? हे म्हणाले, "घरात दोन मयती झाल्यात तिच्या. तुम्ही नाचला असता?" फोन ठेवला. आवडलं मला.
आक्काताईंचं दार बंदच असतं. हाक मारली तर आतून बरं हाय म्हणतात.

१५ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. संसर्ग नाही. मैनाला हात लागणार नाही. डॉक्टरांसमोरच रडले, हे खिडकीबाहेर बघत उभे राहिले.
बाकी काय, तर विषासारखं काहीतरी पोटात गेलं असावं, काय ते सापडलं नाही. चाऱ्यातून की कुणाच्या हातून, तेही नाही. दार उघडायचं की नाही तुम्ही ठरवा, मी असतो तर उघडलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.
घरी येताना मी गल्लीतला एकेक चेहरा डोळ्यांसमोर आणून तपासत होते. माझी मलाच लाज वाटली. ह्याच लोकांनी माझ्या बाळंतपणात सव्वा महिना डबे दिले.

१६ फेब्रुवारी, रविवार
आक्काताई आल्या. वाळल्यात. दाराबाहेरूनच बोलल्या.
"रेहाना, माझ्या हातनं झालं का गं?"
झटकन नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "कळत नाही, आक्काताई." खरं तेच. पण त्यांचं तोंड बघवेना.
त्यांनी फडक्यातली भाकरी काढली, मधोमध मोडली आणि अर्धी तिथंच उभ्यानं खाल्ली. कोरडी. ठसका लागला. मी पाण्याला वळले तर थांब म्हणाल्या. दुसरी अर्धी गजातून माझ्या हातात दिली.
"ही ठेव. उद्या सकाळी मी जित्ती दिसलो, तर तिला घाल. न्हाय दिसलो, तर कुलूप काढू नगंस."
मी चिडले, असलं काय बोलता म्हटलं. त्या हसल्या. "तुझ्या डाक्टरला पुण्याला धाडाय लागतंय. माझं हितंच हुतंय की."
भाकरी डब्यात ठेवली. मला जेवण गेलं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार
साडेसहा. समोरचं दार उघडलं. आक्काताई सडा टाकायला बाहेर आल्या. जीव भांड्यात पडला. मुद्दाम माझ्याकडं बघत नाहीत.
हे म्हणाले, घाल. मग म्हणाले, थांब जरा. मग म्हणाले, तूच ठरव. आणि आंघोळीला गेले. नवऱ्याची जात.
अर्ध्या भाकरीनं काय सिद्ध होतं? माणसाचं पोट वेगळं, घोड्याचं वेगळं, एवढं मलाही कळतं. त्या दोघांच्या पोटात काय गेलं ते अजून कुणाला माहीत नाही. डॉक्टर नकोच म्हणतील, म्हणून फोन केला नाही. आणि माझी ही एकच राहिलीय.
समोर सडा टाकून झाला. बादली रिकामी आहे, तरी आक्काताई आत जात नाहीत. चहा ठेवलेला नसणार.
तबेल्यात पालथ्या बादलीवर बसून लिहितेय. किल्ली वहीवर, भाकरी मांडीवर. मैनाला वास आलाय, माझ्या खांद्यावर तोंड ठेवून उभी आहे, मानेला गरम श्वास लागतोय. हे वाक्य लिहून झालं की उठणार आहे.